गिटारवाल्याची बिदागी

बेळगावातल्या आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा मी गेली अकरा वर्षं खजिनदार आहे. उत्सवात मंडप कसा दिसतो यापेक्षा तो वहीत कसा दिसतो, हे मला जास्त ठाऊक. मंडपवाला, रोषणाई, जनरेटर, डॉल्बी, मूर्ती, महाप्रसादाचे तांदूळ, परवानग्यांसाठी काढलेल्या झेरॉक्स, बंदोबस्तावरच्या पोलिसांचा चहा, सगळ्याला रकाना आहे. सांस्कृतिक कार्यक्रमाच्या पानावर मात्र एक ओळ दर वर्षी मागच्या वर्षीसारखीच उतरते : ‘स्थानिक कलाकार – शाल, श्रीफळ’. तिच्या खालच्याच ओळीत त्याच रात्रीच्या साउंड सिस्टीमचं भाडं असतं. ते रोख असतं आणि निम्मं आगाऊ दिलेलं असतं.

म्हणजे ज्या माइकातून गाणं बाहेर पडलं त्याला पैसे, आणि ज्या गळ्यातून ते माइकात गेलं त्याला नारळ.

इतकी वर्षं हे मला खटकलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो. खटकलं ते घरात आल्यावर. माझा भाचा उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या मशीन शॉपमध्ये कामाला आहे. उरलेल्या वेळात तो गाणी लिहितो, चाली लावतो आणि इलेक्ट्रिक गिटार घेऊन गातो. सोबत एक ड्रमवाला, एक बेसवाला. तालीम वडगावातल्या बंद पडलेल्या पॉवरलूमच्या शेडमध्ये. शेजाऱ्यांची तक्रार नाही, कारण मागाच्या खडखडाटात पिढ्या काढलेल्या त्या गल्लीला शांतताच विचित्र वाटते. एका रविवारी तो आला, खांद्यावरची शाल काढून आईच्या हातात दिली आणि मला म्हणाला, “मामा, ही अकरावी. आई म्हणते, आता गोधडी शिवूया.”

मी हसलो. रात्री वही काढून बसलो. मग माळ्यावरच्या जुन्या वह्याही काढल्या. वडिलांच्या काळातल्या एका वहीत ‘शाहीर व साथीदार – बिदागी’ अशी स्वच्छ ओळ आहे आणि तिच्यापुढे आकडा आहे. आजच्या मानाने तो आकडा काहीच नाही, पण आकडा आहे. मधल्या कुठल्या तरी वर्षी तो गळला आणि त्याच्या जागी शाल आली. डॉल्बीचा रकाना त्याच सुमाराला सुरू झालेला दिसतो. दोन्हींचा संबंध असेलच असं मी म्हणत नाही, पण वहीत ते शेजारी शेजारी आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे. सीमाभागात मराठी जगवायची असेल तर स्वतःची गाणी लिहून गाणाऱ्या पोरापोरींना इथंच राहून गाण्याचे पैसे मिळाले पाहिजेत. आणि ते देण्याची पहिली जबाबदारी पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची नाही, कुठल्या सरकारचीही नाही. ती आपली आहे : मंडळांची, वाचनालयांची, सहकारी सोसायट्यांची, गावोगावच्या साहित्य संमेलनांची. मराठी शाळांसाठी आणि मराठी पाट्यांसाठी आपण १९५६ पासून भांडतोय. ते भांडण खरं आहे, ते सोडा असं मी म्हणणार नाही. पण पाटी वाचायला दोन सेकंद लागतात, गाणं दिवसभर तोंडात राहतं. त्या गाण्याची तजवीज आपण कधीच केली नाही.

बैठकीत हा विषय काढला तेव्हा पहिला आक्षेप आला तो अपेक्षितच होता. “हे रॉक-बिक आपलं नव्हे.” भजन असतं, भावगीत असतं, निदान पोवाडा असता तर बघितलं असतं.

आता हे बघा. स्वतः शब्द रचणारा आणि स्वतःच त्यांना चाल लावणारा जो कोणी, त्याला आपल्याकडे एक जुना शब्द आहे : वाग्गेयकार. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त त्याची व्याख्या केली आहे, वर त्याच्या प्रतीही लावल्या आहेत, उत्तम, मध्यम, अधम अशा. शब्द आणि स्वर दोन्हींत पक्का तो उत्तम. इंग्रजीला त्यासाठी ‘सिंगर-साँगरायटर’ असे दोन शब्द जोडावे लागतात, आपलं काम एकात भागतं. तेव्हा ही जात परकी नाही, फक्त वाद्य बदललंय. पेटीही बाहेरूनच आली होती आणि आता तिच्याशिवाय आपला काकडा होत नाही.

आणि या बाबतीत बेळगावने मागं का राहावं? अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. १८८० मध्ये पुण्यात त्यांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, त्यातली पदं त्यांनी स्वतः रचली, आणि मराठी नाट्यपदांत कर्नाटकी चाली मुरल्या त्या अशा दोन भाषांच्या अंगणात वाढलेल्या माणसांमुळे. १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं, तिथं लहानग्या गंगूबाई हनगल गायल्या. त्याच वर्षी बेळगावजवळच्या सुळेभावीत शिवपुत्र कोमकळी नावाचं पोर जन्मलं. त्याचा पुढे कुमार गंधर्व झाला. मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकला, क्षयाने आजारी पडून देवासला गेला आणि तिथंच राहिला. स्वतःच्या बंदिशी बांधल्या, लोकधुनांतून नवे राग काढले, घराण्यांची कुंपणं मानली नाहीत. घरची भाषा कन्नड, कर्मभूमी माळवा, आणि मराठी माणसाला तो आपल्याच घरातला वाटतो. या मातीत काय पिकतं याची शंका नको. आपली अडचण अशी की पिकलं की आपण ते गाडीत बसवून देतो आणि पन्नास वर्षांनी चौकाला नाव देतो.

रॉकबद्दल आणखी एक गैरसमज, हा जास्त रुजलेला : ते श्रीमंतांच्या पोरांचं खूळ आहे. माझा भाचा यावर चिडतो, आणि त्याच्याकडूनच मी ही गोष्ट ऐकली. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम म्हणजे धातूकामाचं गाव, आपल्या उद्यमबागेचा थोरला भाऊ म्हणा. तिथं सतरा वर्षांचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, पातळ तारा बसवल्या, पुढे तारा ढिल्या करून सूर खाली उतरवला. त्यातून जो जड, घुमणारा आवाज निघाला त्यावर १९६८ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘ब्लॅक सॅबथ’ची सगळी इमारत आहे. हेवी मेटल म्हणतात त्याची सुरुवात सांगताना हाच बँड आधी येतो. दिवसभर घणाचा आवाज ऐकणाऱ्या कामगारांच्या गावातून आलेलं हे संगीत आहे. ते समजायला उद्यमबागेतल्या पोराला पुण्यातल्या कॉफीवाल्या गल्लीत जाण्याची गरज नाही. मोल्डिंग शॉपचा भोंगा, कटिंगची किंचाळी, दुसऱ्या पाळीला रिकामा रस्ता, याचं गाणं तबला-पेटीवर बसेलही, पण गिटारवर ते आपोआप बसतं.

असो. खूळ असो वा कला, पोट कसं भरणार हा खरा प्रश्न, आणि त्याची गंमत बाहेरच्यांना कळत नाही. लोकांना वाटतं गाणं मोबाइलवर आलं म्हणजे पैसे सुरू झाले. भाच्यानेही तसंच धरलं होतं. स्पॉटिफाय भारतात आलं २०१९ मध्ये. त्यावर गाणं चढवायला मधला एक वितरक लागतो, तो वर्षाची फी नाहीतर कमाईतला वाटा घेतो. नंतर ऐकणाऱ्यांच्या वर्गणीतून आणि जाहिरातींतून जमलेला पैसा एका हौदात पडतो आणि एकूण किती वेळा कोणाचं गाणं वाजलं त्या प्रमाणात हक्कदारांना वाटला जातो. म्हणजे तुमचं गाणं शंभर माणसांनी जीव लावून ऐकलं याला अर्थ नाही, बाकी सगळ्या देशाने काय ऐकलं त्याच्या तुलनेत ते शंभर किती, याला अर्थ. त्यात २०२४ पासून नवा नियम : मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं १,००० वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसेच मोजायचे नाहीत. भाच्याच्या सात गाण्यांपैकी पाच या उंबऱ्याबाहेर उभी आहेत. यूट्यूबवर लांब व्हिडिओंच्या जाहिरातीत वाटा हवा तर १,००० सदस्य आणि वर्षात ४,००० तासांचं बघणं. फुटाण्याच्या गाड्याला इतक्या अटी नसतात.

शिवाय मराठी गाण्याला, त्यातही बेळगावच्या मराठीतल्या गाण्याला, श्रोता मोजकाच असणार. मोजका असला तरी तो खरा आहे. पण हौद त्याला ओळखत नाही, तिथं फक्त ढीग ओळखला जातो. म्हणून मोबाइलला मी या पोरांचा जाहिरात फलक म्हणतो, दुकान म्हणत नाही. दुकान म्हणजे समोरासमोरचा कार्यक्रम.

कायदा मात्र त्यांच्या बाजूने थोडा सुधारला आहे, आणि हे सीमाभागातल्या एकाही पोराला कोणी सांगत नाही म्हणून इथं सांगतो. गाण्याच्या दोन मालक्या असतात. शब्द आणि चाल ही एक. ध्वनिमुद्रण ही दुसरी. शब्द-चाल हे शेत समजा आणि रेकॉर्डिंग हे त्या शेतातलं एक पीक. शेताचा उतारा तुमच्या नावावर राहिला तर पीक पुन्हा घेता येतं. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात असं आलं की ध्वनिमुद्रणासाठी गीतकार-संगीतकारांनी हक्क दिले तरी पुढच्या वापरावरचा रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा लिहून देता येत नाही. द्यायचाच तर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला. ही सोसायटी म्हणजे आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी), २०१७ मध्ये तिची नव्याने नोंदणी झाली. सभासद व्हा, गाणी नोंदवा, तरच तो वाटा तुमच्यापर्यंत यायची वाट तयार होते. भाच्याला एका कंपनीने करार पाठवला होता. त्यात ‘सर्व हक्क, कायमचे, संपूर्ण विश्वात’ असे शब्द होते. संपूर्ण विश्वात! मंगळावर गाणं वाजलं तर काय, अशी काळजी त्यांना होती. बदल्यात जी रक्कम होती ती सांगत नाही, गिटारच्या तारांचे दोन सेट आले असते.

तर मग पुण्याला जा, असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे नातेवाईक, मित्र, आणि खुद्द ज्यांनी त्याला शाल घातली ते. पुणे साडेतीनशे किलोमीटर, बेंगळुरू पाचशे. दोन्ही शहरांच्या गाण्याच्या बाजारापासून आपण लांबच. मधल्यामध्ये कोल्हापूर आणि गोवा, पण सीमेवर काही तापलं की दोन्हीकडच्या बसना काळं फासलं जातं आणि कोगनोळीच्या सीमा नाक्यावर गाड्या थांबतात. भाच्याचा कोल्हापूरचा एक कार्यक्रम असाच गेला. ड्रम बसमध्ये चढवले होते, ते उतरवले.

तरी जाणारे जातात आणि जावं वाटलं तर जावंही. माझी हरकत जाण्याला नाही, जाण्याची सक्ती असण्याला आहे. कारण तिथं गेल्यावर पहिली गोष्ट जाते ती जीभ. पुण्यातल्या एका स्टुडिओत भाच्याला सांगितलं, “‘काय करूलास’ नको, ‘काय करतोयस’ घे, लोकांना कळलं पाहिजे.” आता ‘काय करूलास’ कळत नाही असा मराठी माणूस मला दाखवा. माझी पुतणी बाहेरून आली की दारातून ओरडते, “मी आलो!” पुण्याच्या कानाला तिथं व्याकरण चुकतं. आमच्या कानाला तिथं घरची मुलगी घरात येते. ही बोली पुस्तकात येत नाही, शाळेत मास्तर ती सुधारतात, वर्तमानपत्र ती छापत नाही, मालिकांत ती हसवण्यापुरती येते. तिला पानाफुलासारखं जपायला एकच जागा उरते, गाणं. आणि तेच गाणं इस्त्री करून घ्यायला आपण पोरांना साडेतीनशे किलोमीटर पाठवतो. मग बेळगावची मराठी वेगळी आहे, तिला इतिहास आहे, असं संमेलनात भाषण करतो.

संमेलनांचा विषय निघालाच आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथली गावकऱ्यांनी वर्गणी काढून भरवलेली साहित्य संमेलनं ही सीमाभागाची खरी श्रीमंती आहे. शेतातलं काम आटोपून बाया-माणसं ग्रंथदिंडीला येतात, दिवसभर मांडवात बसून परिसंवाद ऐकतात. अखिल भारतीय संमेलनाचे पाहुणे हे बघून थक्क होतात. अशाच एका संमेलनात, कुठल्या ते सोडा, भाच्याला बोलावलं होतं. निरोप असा : दोन गाणी, उद्घाटनाच्या आधी, पाहुणे येईपर्यंत, आणि त्यातलं एक सीमाप्रश्नावर हवं. “सीमाप्रश्नावर माझ्याकडं गाणं नाही,” तो म्हणाला. “मग लिही की. दोन दिवस आहेत.”

या दोन वाक्यांत आपली सगळी दृष्टी आली. गाणारा म्हणजे पाहुणे येईपर्यंतची सोय. आणि गाणं म्हणजे मागणीप्रमाणे लिहून मिळणारा फलक.

त्याच्याकडे जे होतं ते असं. दुसऱ्या पाळीहून घरी येताना तिसऱ्या रेल्वे गेटपाशी थांबून राहिलेल्या माणसाचं एक गाणं. आजोबांचं रेशन कार्ड कन्नडमध्ये आहे आणि आजीचं पत्र मोडी लिपीत, दोन्ही घरात कोणाला वाचता येत नाही, असं एक. आता सांगा, सीमाप्रश्न यापेक्षा वेगळा कुठं असतो? पण त्यात ‘झालाच पाहिजे’ नव्हतं, म्हणून ते सीमाप्रश्नावरचं धरलं नाही.

अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ आपल्याकडे अजून म्हणतात. ही छक्कड घडली संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, तिच्या शेवटाला बेळगाव-कारवार येतात, म्हणून ती आपल्याला जवळची. पण ती सुरू कुठून होते ते विसरतो आपण. मुंबईला पोटासाठी गेलेला एक गडी, गावात राहिलेली त्याची मैना, तिचं रूप, निघतानाची ताटातूट. बराच वेळ ते नुसतं विरहाचं गाणं आहे. मग कळतं, खंडित झालेल्या मुलखाचंही असंच झालंय. आधी माणूस, मग मुलूख. अण्णाभाऊंना कोणी ‘दोन दिवसांत सीमाप्रश्नावर एक’ असं सांगितलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. बहुधा शिव्या पडल्या असत्या.

दर १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, आपल्या शहरात दोन जगं रस्त्यावर येतात. एकीकडे काळ्या फितींची निषेध फेरी, दुसरीकडे चन्नम्मा सर्कलला लाल-पिवळ्या झेंड्यांचा राज्योत्सव. फेरीला मी जातो, ते लपवत नाही. एका वर्षी परत येताना थांबून दोन्हीकडचं नुसतं ऐकत राहिलो. त्यांच्याकडे डीजेवर बेंगळुरूत तयार झालेली सिनेमाची गाणी. आमच्याकडे घोषणा, त्याही आमच्या आजोबांनी दिलेल्या. या शहरात या दहा-वीस वर्षांत जन्मलेलं एकही गाणं ना तिकडं ना इकडं. या एका गोष्टीत दोन्ही बाजूंची एकी आहे.

आता अवघड भाग. भाच्याचा बेसवाला बैलहोंगलचा, कन्नड घरातला. त्यांच्या एका गाण्यात सुपरवायझर ‘बा इल्ली’ म्हणून हाक मारतो आणि उत्तर मराठीत जातं; शॉप फ्लोअरवर रोज हेच होतं. एका मराठी कार्यक्रमात कार्यकर्ता म्हणाला, “ते कन्नड तेवढं काढा.” पुढच्या महिन्यात एका कॉलेजच्या कार्यक्रमात आयोजक म्हणाले, मराठी कडवी गाळून फक्त कन्नड ओळी म्हणाल का? दोन शब्दांची हाक शिल्लक राहिली असती. पोरं न गाताच परत आली.

मराठी कार्यकर्त्याची भीती मला कळते. २०२४ च्या कायद्याने पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालं, मराठी शाळांचे वर्ग रिकामे होतायत, सरकारी कागद मराठीत मागायचा तर वकील लागतो. अशा वेळी आपल्याच मंचावर कन्नड शब्द ऐकला की अंगावर काटा येतो. पण कायद्याने लादलेली भाषा आणि शेजाऱ्याच्या तोंडातून आलेली भाषा यांत फरक करता आला पाहिजे. गायक रघु दीक्षितकडे बघा : जन्म आपल्या नाशिकचा, वाढला म्हैसुरात, आणि एकोणिसाव्या शतकातल्या संतकवी शिशुनाळ शरीफांची कन्नड तत्त्वपदं गिटारवर बसवून थेट इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवापर्यंत जाऊन आला. शरीफांचं शिशुनाळ इथून फार लांब नाही. त्याच्या कन्नडला कोणाचा धोका वाटला नाही, कारण त्याच्यामागं ऐकणारा समाज उभा राहिला. आपल्याकडे भाषा जपणारा समाज आहे, ऐकणारा किती आहे हे तपासायला हवं.

दुसरा आक्षेप दर्जाचा. तो मात्र मी अर्धा मान्य करतो. भाच्याच्या सात गाण्यांतली तीन मला आवडत नाहीत, एकात तर केवळ यमकासाठी चंद्र उगवलाय. पण दर्जा येतो कुठून? ‘इंडियन ओशन’ हा दिल्लीचा बँड १९९० मध्ये सुरू झाला. त्याचं नाव देशभर झालं ते २००० च्या अल्बमनंतर. दहा वर्षं कोणी तरी त्यांना छोट्या मंचावर वाजवू दिलं, चुकू दिलं. समोर पैसे दिलेला माणूस बसला की गाणारा सुधारतो, कारण तो माणूस उठून जाऊ शकतो. शाल देऊन बसवलेला श्रोता उठत नाही आणि सुधारतही नाही. फुकट गाण्याला आपण फुकट टाळ्या देतो, हिशोब बरोबर जुळतो, आणि दोघंही तिथंच राहतात.

पोरांनीही हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही, हे मी भाच्याला ऐकवतो. शेजारच्या गोव्यात रेमो फर्नांडिस शिवोलीच्या घरात बसून स्वतःच सगळी वाद्यं वाजवून कॅसेट करत होता आणि दुकानादुकानांत स्वतः नेऊन देत होता. साल १९८४, तेव्हा ना मोबाइल ना वितरक. अमेरिकेत कॅनडाच्या सीमेला लागून बफेलो नावाचं गाव आहे, पोलादाचे कारखाने बंद पडून उतरती कळा लागलेलं. तिथल्या गायिका ॲनी डिफ्रँकोने १९९० च्या सुमाराला विशीत असताना स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. मोठ्या कंपन्यांचे निरोप आले, ती गेली नाही. कंपनीचं बिऱ्हाड बफेलोतच ठेवलं, आणि पाडायला निघालेलं तिथलं जुनं चर्च वाचवून त्यात २००६ मध्ये गाण्याचं सभागृह आणि कंपनीचं ऑफिस थाटलं. सीमेवरचं, मागं पडलेलं गाव. राहूनही होतं.

पण तिला तिकीट काढून ऐकणारे लोक होते. ते पुरवणं आपलं काम.

आणि ते फार अवघडही नाही. वर्षातून एका कार्यक्रमाचा डॉल्बी एक दिवस कमी करा. आवाजाच्या नियमाने एरवी रात्री दहाला तो बंदच करावा लागतो, चढ्या आवाजाच्या तक्रारी वेगळ्या. त्या पैशात दोन बँडची बिदागी निघते, हे मी वही बघून सांगतो. सोसायट्या दर वार्षिक सभेला कॅलेंडरं, डायऱ्या, स्टीलचे डबे वाटतात. एक वर्ष डब्याचा आकार कमी केला तर सभासद रागावणार नाहीत, झाकण लागलं म्हणजे झालं. संमेलनांनी कविसंमेलनासारखा गाणाऱ्यांना स्वतःचा तास द्यावा, पाहुणे आल्यानंतरचा. अट एकच ठेवावी : गाणं स्वतःचं हवं. कुठल्या विषयावर, हे विचारू नये. अभंग गिटारवर म्हणणारे आता बरेच झालेत, ऐकायला छान वाटतं, मलाही वाटतं. पण तुकोबांना आपल्या बिदागीची गरज नाही. आणि ज्याला बोलावलं त्याला आधी तासभर मंच मोकळा द्या, आवाज लावून बघायला. हे शेवटचं भाच्याच्या आग्रहावरून लिहितोय. तो म्हणतो, पैसे एक वेळ कमी द्या, पण साउंडवाल्याला ‘ड्रमला माइक कशाला’ असं विचारू देऊ नका.

यंदाच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. दीड तास वाद झाला. अध्यक्षांनी विचारलं, “उद्या भजनी मंडळही बिदागी मागेल, मग?” मी म्हटलं, मागू दे, त्यांचीही गेली चाळीस वर्षांची बाकी आहे. शेवटी एका बँडला पाच हजार मंजूर झाले, भाच्याच्या नव्हे, कारण खजिनदाराचा नातेवाईक. ते योग्यच आहे. अनगोळच्या तिघी मुली आहेत, आपल्याच बोलीत गातात, “मी आलो” वाल्या. सोमवारी त्यांना फोन केला. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग विचारलं, “काका, शाल पण देणार काय?”

वहीत मी ‘बिदागी’ असा नवा रकाना आखला. हिशेब तपासनीसाने तो पेन्सिलने खोडून पाच हजार ‘किरकोळ खर्च’ मध्ये धरलेत. बुधवारी पुन्हा बैठक आहे. मी खोडरबर घेऊन जाणार आहे.